कलिपाएजेच्या गाजरांची माती

मी एक जुना शेकर आहे, मित्रांनो. माती आणि द्रावण भरलेल्या बाटल्या माझ्या कप्प्यांत आवळायच्या, बटण दाबायचं, की मी त्या तासन्‌तास हलवत राहायचं. माझा जन्म ताश्कंदच्या कारखान्यातला, पण सारी नोकरी किर्गिझ डोंगरातल्या एका माती प्रयोगशाळेत झाली. पुढे मला कुणी विचारेना. माझ्यावर चहाची किटली ठेवू लागले.

एका वसंतात जुन्या खाणीखालच्या गावाची माती आली. वरचं रान चुनखडीचं, खालचं दलदलीकाठचं, आंबट. प्रमुख तोक्तोसुन यांनी नियमाप्रमाणे माती तीव्र आम्लात उकळली. ते आम्ल कॅडमियम नावाचा विषारी धातू जवळजवळ सगळा ओरबाडून काढतं. वरच्या रानात तो किलोमागे चार मिलिग्रॅम निघाला, खालच्यात जेमतेम दीड. अहवाल गेला: भाजीपाला खाली लावा.

बुरुलचा तिथली रसायनतज्ज्ञ. उन्हाळा सरत आला तरी तिला चैन पडेना. तोक्तोसुन यांना ती बाइके, म्हणजे दादा, म्हणायची.

"बाइके, मुळं काही आम्ल पीत नाहीत. सौम्य क्षाराच्या पाण्यात माती हलवून बघू, किती सुटतो ते."

"एका मातीचे दोन आकडे? लोक म्हणतील, यांचं यांनाच कळत नाही!"

"म्हणू देत."

किटली उचलून तिने मला तेल दिलं. मी दोन तास हललो. वरच्या मातीतून जवळपास काहीच सुटलं नाही. चुन्याने धातू घट्ट धरला होता. खालच्या आंबट मातीने मात्र त्यातला एक तृतीयांश सहज सोडून दिला.

बुरुलचाने गावाहून गाजरं मागवली. तिथल्या शेतकरी कलिपाएजे स्वतःच पिशवी घेऊन आल्या; एजे म्हणजे आमच्याकडे ताई. अहवाल वाचून त्यांनी सगळी बाग खाली हलवली होती. गाजरांत कॅडमियम मर्यादेच्या वर निघाला.

"खाली लाव, हे तुम्हीच सांगितलंत ना?" एजे म्हणाल्या. "माझी नात महिनाभर हीच खातेय."

तोक्तोसुन यांनी जुना अहवाल पुढ्यात ओढला. "मीच सांगितलं, एजे. चुकलं माझं."

"मग आता गाजरं गुरांना घालू?"

"नको. उपटून ठेवा, आम्ही घेऊन जातो. आणि नातीला उद्याच दवाखान्यात तपासणीला न्या."

नातीच्या तपासणीत काळजीचं काही निघालं नाही. नव्या अहवालाखाली तोक्तोसुन यांनीच सही केली. त्यात दोन्ही आकडे शेजारी शेजारी होते: जमिनीत धातू आहे किती, आणि पिकाला मिळतो किती. वरच्या रानात बाग करा, पण तिथली धूळ मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, हेही लिहिलं होतं. एजेंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चहा न घेताच निघून गेल्या.

आता माझं बेअरिंग झिजलंय, आणि कोपऱ्यात नवा शेकर आलाय. त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, एवढंच सांगणं आहे: जुन्या यंत्राला अधूनमधून तेल द्या, आणि कुणी मातीचा आकडा सांगितला, तर तो कशाने काढला, ते विचारल्याशिवाय बी पेरू नका.