वराहमहाराजांचं उघडं तोंड

पुंजाकाकांनी परीक्षेसाठी सगळ्यांसमोर नारळ पेंढ्याच्या तिसऱ्या गंजीत लपवला होता आणि वराहमहाराज चार पायांवर धावत थेट तिथेच गेले. सुळ्यांनी पेंढा उडवला, नारळ बाहेर लोटला आणि असे घुरघुरले की निम्म्या गावाने जमिनीला डोकं टेकलं.

महाराज म्हणे अर्धे माणूस, अर्धे वराह. मला त्यात अर्धा माणूसही दिसत नव्हता. अंगाला राख, कमरेला गोणपाट आणि डोक्यावर रानडुकराचा हा एवढा मुखवटा, त्याच्या डोळ्यांत कणीक ठासून भरलेली. आमचं गाव पेठजवळचं. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं नाचतात, ती मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांतून बघतात. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे डोळे बुजवले की माणूस आंधळा, अशी सगळ्यांची खात्री. त्यातच आम्ही फसलो.

महाराजांचा चेला सांगत सुटला होता की देवाला डोळे लागत नाहीत, ते नाकाने पाप हुडकतात, पापाला कुजक्या कांद्यासारखा वास असतो वगैरे.

पाप कुणाचं, ते गावाने आधीच ठरवलं होतं. यंदा रानडुकरांनी सगळ्यांचा भात नि नागली लोळवली. एकट्या कुसाबाईंचं शेत उभं राहिलं. त्या आमच्या शेजारच्या, एकट्या राहतात, मी त्यांना मावशी म्हणते. त्यात कुणीतरी त्यांना पेठहून पिशवीभर केस आणताना पाहिलं. झालं. केस म्हणजे करणी, मावशी म्हणजे डाकीण. खरं तर ते सलूनमधले केस होते. मावशीने ते बांधावर पसरले होते. डुक्कर जमीन हुंगत येतं, केस नाकात जातात, ते वैतागून परत फिरतं. मावशीने हे दहा जणांना सांगितलं होतं. पण एकट्या बाईचं ऐकून घेतो कोण?

आता वरात तिच्या अंगणात आली. तिथे करणीची पुडी निघाली की तिने आजच्या आज गाव सोडायचं, असं ठरलं होतं. दोघांनी तर तिची पत्र्याची पेटी आधीच बाहेर आणून ठेवली होती. मावशी दाराला धरून उभी होती. रडत नव्हती, म्हणून बायका आणखी कुजबुजत होत्या.

मी पुढे उकिडवी बसले होते. महाराजांनी मान वर केली आणि मुखवट्याचा आ वासलेला जबडा माझ्या तोंडासमोर आला. आत काळी जाळी होती. जाळीमागे दोन डोळे होते. त्यांनी चक्क पापण्या मिचकावल्या.

मी उभी राहिले. गेल्याच महिन्यात मी वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेय, आवाज एकदम खणखणीत निघाला.

"महाराज वास नाकानेच घेतात ना?"

"नाकानंच," चेला म्हणाला.

"मग मी त्यांच्या तोंडावर ओढणी बांधते. नाक मोकळं ठेवते."

"ए पोरी, देवाचं तोंड बांधतीस? जीभ झडंल तुझी."

"झडली तर मावशीबरोबर मीपण गाव सोडते."

पुंजाकाका गावचे पोलीस पाटील. त्यांनी डोकं खाजवलं. "बांधू दे रोशनीला. देवाला काय फरक पडतो?"

फरक लय पडला. महाराज आधी गोठ्याच्या गव्हाणीवर आपटले. मग खुराड्यात घुसले, कोंबड्या ओरडत चहूकडे उडाल्या. शेवटी न्हाणीजवळचा साबणाचा चिखल उकरू लागले. आधी बायका हसल्या, मग सगळेच.

चेला निसटायला बघत होता, त्याला दोघांनी धरलं. पुंजाकाकांनी ओढणी सोडली, मुखवटा उपसून स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि जबड्यातून इकडेतिकडे बघितलं.

"आयला, समदं दिसतंय," ते आतून म्हणाले. मग थबकले. "शेवग्याखाली चुन्याचा ठिपका असलेला दगड कुणी ठेवला?"

दगडाखाली उकरलं तर लिंबू, बिब्बा आणि कापडाची बाहुली निघाली. पुडी वर्तमानपत्राची होती. मी तारीख मोठ्याने वाचली. परवाची.

मावशी पहिल्यांदाच बोलली. चेल्याकडे बोट करून म्हणाली, "परवा ह्यो इथंच बसला होता, शेवग्याखाली. तहान लागली म्हणला. मीच पाणी दिलं ह्याला."

पुंजाकाकांनी ठाण्याला फोन लावला. बाईला डाकीण ठरवणं हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं. सकाळी आठवलं असतं तर बरं झालं असतं. पेटी बाहेर काढणारे दोघे ती आत ठेवायला आले, तर मावशीने त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं आणि पेटी स्वतः ओढत आत नेली. माफी कुणीच मागितली नाही. मला त्या महाराजापेक्षा याचा जास्त राग आला. तो तर ठग होता. हे माझ्या गावचे लोक होते.

तर वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की डोकं टेकू नका, डोकं चालवा. परीक्षा भर दिवसा घ्या, सगळ्यांसमोर घ्या आणि अटी तुमच्या ठेवा. आणि कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर दुसऱ्या कुणाला विचारण्याआधी तिला विचारा. ती काय सांगते ते पुरतं ऐकून घ्या.