पालाकिको काकांचं गवत

डबल बेसची सगळ्यात जाड तार नेमकी लुआउच्या, म्हणजे घरच्या मेजवानीच्या, दिवशीच तुटली. फाडकन! पाहुणे यायला लागले होते, जमिनीखाली डुक्कर भाजत होतं, आणि मी माणसाहून उंच वाद्याला मिठी मारून रडकुंडीला आले होते.

कारण आई. माझ्या भावाच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता आणि आमच्या घरात पहिल्या वाढदिवसाला सगळ्यात थोरली बाई हुला नाचते. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईने वर्षभर नाचायला पाऊल उचललं नव्हतं. तिने मला आधीच बजावलं होतं, "हाउनानी, तुझा धटिंगण वाजला तर उठेन. नाहीतर मला खुर्ची द्या आणि वाटीभर अळकुड्यांची पोई द्या." धटिंगण म्हणजे हा डबल बेस.

भाचा माकोआ म्हणाला, "आत्या, कशाला त्रागा करतेस? माझी बेस गिटार स्पीकरला लावतो. अख्खं मोलोकाई हलेल!"

"बेट हलव रे बाबा, माझे पाय नाही हलायचे!" आतून आई ओरडली. "ती मेली कानात कोकलते. मला तळपायात हवं."

खरंच होतं तिचं. धटिंगणाचा खालचा खिळा ओसरीच्या ज्या फळ्यांवर टेकतो, त्याच फळ्यांवर ती अनवाणी नाचते. कान मंदावलेत तिचे, ठेका ती पायांनी ऐकते. आणि नवी तार यायची ती होनोलुलूहून, विमानाने.

तेवढ्यात शेजारी घर्रर्र सुरू झालं. पालाकिको काका गवत कापत होते. मशीनच्या तोंडाशी गवत छाटणारी हिरवी नायलॉनची दोरी गरगर फिरत होती. मी कुंपणाकडे धावले.

"काका, दोरी द्या!"

"कुठली?"

"फिरतेय तीच!"

"अगं, अर्धं गवत उरलंय!"

"गवत कुठे पळून जातंय? आई आज नाचणार आहे!"

म्हाताऱ्याने मशीन तिथल्या तिथे बंद केली. सगळी दोरी काढून दिली आणि शर्ट बदलायला घरात पळाला.

दोरी कसली, तारेच्या जागी चढवली तर नुसती रबरासारखी लांबायची. खुंटी पिळून पिळून माझी बोटं सोलली. शेवटी माकोआने उकुलेले छेडली, मी खिळा फळ्यांवर रोवला आणि खालचा सूर ओढला. धुम्म. आई खुर्चीतच. पुन्हा धुम्म. पाय चपलेतच. तिसऱ्यांदा मी जीव तोडून ओढला, आणि आईने चपला भिरकावल्या!

काय नाचली म्हणून सांगू! हात लाटांसारखे, कंबर तर काल लग्न झाल्यासारखी. आमच्याकडे शेवटचं कडवं दोनदा म्हणतात आणि थांबतात. मी थांबलेच नाही. आईने डोळे वटारले, मग हसली आणि नाचत राहिली.

"शेवटचं कडवं तिसऱ्यांदा का वाजवलंस गं भवाने?" धापा टाकत तिने विचारलं.

"हात थांबेना."

"माझे पाय तरी कुठे थांबत होते!" तिने हिरव्या दोरीवरून बोट फिरवलं. "ही काढायची नाही हं."

"अगं, काकांची आहे ती!"

"राहू दे, राहू दे!" तोंडात डुकराचा घास कोंबलेले काका मागून ओरडले.

होनोलुलूची तार आली, ती कपाटात पडून आहे. काकांच्या अंगणात गवत कमरेपर्यंत वाढलंय. दर रविवारी ते धुतलेला शर्ट घालून आमच्या ओसरीवर येऊन बसतात, मी धटिंगण बाहेर काढते, आणि आई चपला काढते.