जिभेखालचे दोन थेंब

हात आडवे पसरून उभा असलेला आणि बगलेपाशी टाचणी लावलेला माणूस सहसा खोटं बोलत नाही, असं मास्तरांचं चाळीस वर्षांचं मत होतं. त्याला पळता येत नाही, हातवारे करता येत नाहीत, आणि शिंप्याने टाचण्या ओठांत धरलेल्या असल्यामुळे मध्येच तोंड घालणारंही कुणी नसतं. एका न्यायाधीशांनी तर कोटाच्या मापाला उभं असताना, आपण जेवणाआधी निकाल लिहितो तेव्हा जरा कडक लिहितो, हेही सांगून टाकलं होतं. मास्तरांनी ते कुणाला सांगितलं नाही. शिंप्याच्या पोटात बरंच काही राहतं.

मास्तरांचं दुकान चालायचं ते धर्माच्या जिवावर. गावात तीन पंथ, आणि तिघांचेही झगे मास्तरांकडेच शिवले जायचे. कुणाच्या देवाला किती घेर लागतो आणि कुणाची बाही मनगटाच्या किती पुढे यावी लागते, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. पण तो देव आहे की नाही, या भानगडीत ते पडत नसत. त्यांचा देवाशी संबंध कापडापुरता. भक्ती हे बायकोचं काम होतं, आणि काजंही तिचीच होती. कापायचं, शिवायचं ते मास्तरांनी; काज मात्र तिने हातानेच करायचं. तिचं काज पाहून बटणालासुद्धा आत जावंसं वाटेल, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, आणि ती आतून म्हणे, "तोंड आवरा, शिलाई उसवेल."

दहा वर्षांपूर्वी तिच्या बोटांना संधिवाताने धरलं. आधी सांधे सुजले, मग बोटं वाकडी व्हायला लागली. काजं कमी झाली, बोलणं कमी झालं, आणि पाठोपाठ थट्टाही आटली. गोळ्या झाल्या, लेप झाले, शेकून झालं. शेवटी नव्या डॉक्टरांनी एक लहानशी तपकिरी बाटली दिली. सकाळी दोन थेंब आणि रात्री दोन थेंब, जिभेखाली.

चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली. आठव्या दिवशी तिने सुईत दोरा ओवला. त्यानंतरचे दिवस इतके सुखाचे गेले की मास्तर दुपारी उगाचच मशीन थांबवून टेबलापलीकडे बघत बसायचे. ती वर न बघता म्हणायची, "काय बघताय? बायको कधी पाहिली नव्हती का?" तशी पाहिली नव्हती, हे खरंच होतं, निदान दहा वर्षांत तरी.

मग तिसऱ्या आठवड्यात मुलगी आली. मुलगी शिकलेली, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचायची तिला खोड. तिने बाटली हातात घेतली, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "अगं आई, हे गांजाचं तेल आहे."

मास्तरांच्या बायकोने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मुलीने पुष्कळ समजावलं. कायद्याने चालतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, औषधाच्या मात्रेने कुणी झिंगत नाही. पण माशी शिंकायची ती शिंकली होती. बायकोने बाटली बटणांच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.

"यात पाप आहे की नाही, ते मला धर्म कळणाऱ्या माणसाने सांगू दे. तोवर जिभेला लावणार नाही."

"अगं, डॉक्टरांनी सांगितलंय," मास्तर म्हणाले.

"डॉक्टर हाडांचे आहेत," ती म्हणाली.

पाच दिवसांत बोटं पुन्हा सुजली. टेबलावर चौकातल्या मोठ्या प्रार्थनागृहाच्या प्रमुखांचा झगा पडून होता, गळ्यापासून पायापर्यंत सत्तावीस बटणांचा. त्यातली अकरा काजं झाली होती. उरलेली मास्तर करू शकले असते, पण त्यांची काजं म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखी. अर्थात झग्याची त्यांना फारशी काळजी नव्हती. झगा आठ दिवस उशिरा गेला म्हणून कुणाचा देव रुसत नाही. त्यांना भीती होती ती वेगळी. बायको त्यांना तीन आठवडे परत मिळाली होती, आणि आता ती पुन्हा त्या खुर्चीत ओठ आवळून बसणार होती. तेव्हा धर्म कळणारी माणसं गाठणं आलं. ती तर मापं द्यायला आपल्या पायाने दुकानात येत होती.

पहिले आले ते प्रमुखसाहेब, लांबी बघायला. मास्तरांनी त्यांना चौरंगावर उभं केलं, हात पसरायला लावले, चार टाचण्या लावल्या आणि विचारलं.

"गांजा?" प्रमुखसाहेब दचकले. "मास्तर, तुम्ही?"

"मी नाही हो. औषध म्हणून. घरात."

प्रमुखसाहेबांनी छताकडे पाहिलं. "आमच्या ग्रंथात दारूचं नाव आहे, याचं नाही. पण नाव नाही म्हणून सुटका नाही. जे बुद्धीवर पडदा टाकतं ते वर्ज्य. मग ते घडाभर असो नाहीतर थेंबभर."

"आणि दुखण्यावर घेतलं तर?"

"नाइलाज असेल तर मोकळीक आहे. जीव वाचवणं आधी. जीव जातोय का?"

"जीव नाही जात. बोटं चाललीत."

"बोटं..." प्रमुखसाहेबांनी पसरलेल्या हातांची बोटं हलवून पाहिली. माणूस प्रामाणिक होता, विचार खरोखर करत होता. शेवटी म्हणाले, "हे समितीपुढे ठेवावं लागेल. समिती तीन महिन्यांनी बसते."

मास्तरांच्या हातून पाचवी टाचणी जरा खोल गेली, ती चुकूनच.

दुसरा आला टेकडीवरच्या मठातला तरुण साधक. त्याच्या अंगावर एकच कापड गुंडाळलेलं, त्याला शिवायचं ते काय. पण कडा दुमडून हव्या होत्या. प्रश्न ऐकून तो मोकळेपणी हसला.

"आमच्यातले काही जुने लोक ध्यानाला बसताना ओढायचे. काहींना देव भेटला म्हणतात. बाकीच्यांना खोकला भेटला."

"म्हणजे पाप नाही?"

"आता मठात बंदीच आहे. आम्ही जागं राहायला बसतो, आणि झोपेला आमंत्रण देऊन जागं राहायचं, हे काही जमत नाही. पण काकूंना दुखतंय, त्या काय मजेसाठी घेतायत? कशासाठी घेतलं त्यावर सगळं आहे, मास्तर."

हे मास्तरांना इतकं पटलं की दुमडीची मजुरी घ्यायचीच राहिली. दुकान बंद करून ते लगबगीने आत गेले आणि बायकोला अक्षरन् अक्षर सांगितलं. ती ऐकत होती आणि दुखरी बोटं दुसऱ्या हाताने चोळत होती.

"कालचा पोरगा तो," ती म्हणाली.

"मग समितीची वाट बघ. तीन महिने."

"अहो, तसं नाही." बोटं चोळणारा तिचा हात थांबला. "पाप-पुण्याचं मी नुसतं म्हणतेय. खरं वेगळंच आहे. हसणार नसाल तर सांगते."

मास्तर हसले नाहीत.

"ते तीन आठवडे मी प्रार्थनेला बसले ना, की असं भरून यायचं. काय सांगू तुम्हाला. चाळीस वर्षं बसतेय, कधी आलं नव्हतं. मला वाटलं, बाई गं, इतक्या उशिरा का होईना, देव भेटला. आणि तो निघाला बाटलीतला." तिचा आवाज बारीक झाला. "बोटं दुखतात ते चालेल हो मला. पण खोटा देव नको."

कापड खोटं असतं तर मास्तरांनी ते दोन बोटांत धरून सांगितलं असतं. त्यांनी नुसतंच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना फार वाईट वाटलं, कारण या बाबतीत तिच्या मदतीला यायला ते कधी त्या रस्त्याने गेलेच नव्हते.

दोन दिवसांनी मोठ्या बाई आल्या. पोस्टामागच्या खोलीत जी प्रार्थना भरायची, जिथे बायको चाळीस वर्षं जात होती, ती प्रार्थना या मोठ्या बाई चालवायच्या. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून खणखणीत. नशेबाजीवर त्या दर महिन्याला असं बोलायच्या की चहा पिणाऱ्यालाही अपराधी वाटावं. अंग आटलं म्हणून त्यांना झगा आत घ्यायचा होता. मास्तरांनी त्यांना चौरंगावर चढवलं, हात पसरायला लावले, दोन्ही बगलांना टाचण्या लावल्या आणि बायकोला हाक मारली.

"ये बाहेर. तूच विचार."

बायकोचा पाय उचलत नव्हता. पण आली, टेबलाला धरून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. थेंबांचं, बाटलीचं, आणि शेवटी त्या भरून येण्याचंही.

"पहिल्याचं सोपं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "झिंगायला घेशील तर चूक. तेच सांगत आले आणि मरेपर्यंत सांगणार. दुखण्याला घेशील तर ते औषध. त्यात पाप बघणारी मी कोण?"

"आणि दुसरं? ते खरं होतं की थेंबांचं?"

मोठ्या बाईंचे पसरलेले हात जरा खाली आले. मास्तरांना वाटलं, अवघडल्या असतील. ते टाचण्या काढायला पुढे झाले.

"राहू दे, मास्तर." मग त्या त्यांच्या बायकोकडे बघून म्हणाल्या, "मला नाही गं सांगता येणार. मला तसं कधी आलंच नाही."

"काय?"

"भरून. पन्नास वर्षं झाली. रोज बसते, दुसऱ्यांना बसवते. एकदाही नाही." त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या, दळण संपल्याचं सांगावं तशा. "येईल म्हणून बसत राहिले. मग येत नाही म्हणून उठून जाणं बरं दिसेना."

मास्तरांना कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांनी खडूकडे पाहिलं.

"कसं असतं ते?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

बायकोने विचार केला. "काही मागायचं आठवत नाही," ती म्हणाली. "एरवी मी बसले की यादीच असते. बोटं बरी कर, पोरीचं चांगलं कर, यांचा खोकला थांबव. तेव्हा नुसती बसले होते. त्याला म्हटलं, बस तूही."

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हात अडकलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येईना. तेव्हा बायको पुढे झाली आणि वाकड्या बोटांनी, पदराने त्यांचे डोळे तिने टिपले. चाळीस वर्षांत तिने मोठ्या बाईंना नमस्कारापलीकडे हात लावला नव्हता.

"थेंबांनी दुखणं गेलं, यादी आखूड झाली," नाक ओढत मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढचं तुझं तूच बघ. या बाबतीत तू माझ्या पुढे आहेस."

त्या गेल्यावर बायको टेबलाशी बसली. मास्तरांनी अळीमिळी गुपचिळी केली होती; मध्ये बोललो तर पुन्हा माशी शिंकायची. शेवटी तिने स्वतःच्या हाताने बटणांचा खण उघडला.

"सकाळची प्रार्थना आधी," ती म्हणाली. "कोरड्या जिभेने. मी जशी आहे तशी जाईन त्याच्यापुढे. भरून आलं तर आलं, नाही तर मोठ्या बाईंसारखी बसेन. आणि मग दोन थेंब. मग दिवसभर काजं."

"आणि ते काजं करताना आलं तर?"

"तर येऊ दे. त्याला काय, घर दाखवलंय मी."

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी मशीनला गरज नसताना तेल घातलं.

पण एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. तिची बोटं सकाळीच सगळ्यात वाईट असायची. दुसऱ्या दिवशी मास्तर चहा घेऊन खोलीच्या दारात आले तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, डोळे मिटलेले, आणि हात जोडायचा प्रयत्न करत होती. तळवे एकमेकांपर्यंत पोहोचत नव्हते. मधे ओंजळभर अंतर राहत होतं, आणि ती पुन्हा पुन्हा ते मिटवायला बघत होती. बाटली तिच्या शेजारीच होती. तिने तिला हात लावला नव्हता.

मास्तरांनी चहा खाली ठेवला. गुडघे कुरकुरत होते, तरी ते तिच्यासमोर खाली बसले आणि तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या तळहातांमध्ये घेऊन सावकाश जुळवले. तिने डोळे उघडले नाहीत. ते देवाला काही म्हणाले नाहीत. ओळख नसताना एकदम काय बोलणार? नुसते धरून बसले. सुजलेले सांधे त्यांच्या हाताला गरम लागत होते. हळूहळू तिचा श्वास संथ झाला, कपाळावरची आठी गेली, आणि मास्तरांनाच कशाने तरी भरून आलं.

"झालं माझं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "सोडा हात. चहा निवतोय."

"निवू दे," मास्तर म्हणाले.