डिकीतला पंप आणि शिल्पाचा हात

मित्रांनो, मोटारीच्या डिकीत, गालिच्याखाली बसवलेला मी एक जुना पंप आहे. तांब्याएवढा माझा आकार. एका अंगाला विजेची मोटार, दुसऱ्या अंगाला तेलाची टाकी. मालक बटन दाबतात, मी फिरतो, नळ्यांतून तेल ढकलतो आणि त्या जोरावर गाडीचं छत उघडतं किंवा मिटतं. मला डोळे नाहीत. वीज आली की फिरायचं, एवढंच मला ठाऊक.

परदेशातल्या कारखान्यात मी जन्मलो. तीन मालक बदलून लोहा गावच्या भगवानरावांकडे आलो. त्यांची ही गाडी मिरवणुकीसाठी भोकरपासून पार किल्लारीपर्यंत जाते. नवरदेव, निवृत्त गुरुजी, नवे फौजदार, कितीतरी जण तिच्यात उभे राहिले. छत हलू लागलं की पोरं ओरडायची, "आपोआप चाललंय बघा!" माझं नाव कुणी घेत नसे. फक्त भगवानराव दर खंडेनवमीला गालिचा उचलून मला हळदकुंकू लावत, माझ्यावरच नारळ फोडत आणि त्याचं पाणी श्रद्धेने माझ्या अंगावर सोडत. मला तो मोठा मान वाटे.

यंदा मार्चमध्ये गावातली पुनम सैन्यात भरती झाली. लोह्यात तिची मिरवणूक निघाली. दुपारी साडेतीनला गारांचे ढग चढले. भगवानरावांनी छत मिटायला बटन दाबलं. छत अर्ध्यावर येऊन थांबलं. माझ्याजवळून फक्त 'टक' असा आवाज निघाला.

जवळच गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारी शिल्पा हत्यारं घेऊन आली.

"नवा पंप लागतो का गं?" भगवानरावांनी विचारलं.

"आधी बघू तर द्या, मालक. डोकं दुखलं की डोकंच बदलता का?"

गाडीत बसलेली पुनम हसली.

शिल्पाने तेल पाहिलं. पुरेसं होतं. चाचणीचा बल्ब लावला. माझ्यापर्यंत वीज येत होती. मग तिने माझी अर्थिंगची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर सोडवली. टोकावर हिरवा थर चढला होता, त्यात कुंकू मिसळलेलं.

"हितं नारळ फोडता का?"

"हाव. दरसाली. देवाचं काम हाय."

"देवाचंच हाय, पर पाणी वायरीवर कशाला? सगळी गंजून गेली की!"

तिने टोक खरवडून घासलं, नट आवळला. "वायर झाली," ती म्हणाली. तेवढ्यात तिला छताच्या सांध्यात झेंडूच्या माळेचा दोरा गुंतलेला दिसला. तो ओढायला तिने उजवा हात आत घातला. ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. आणि भगवानरावांनीही विचारलं नाही. त्यांचं लक्ष ढगांकडे होतं. त्यांनी बटन दाबलं.

वीज आली. मी फिरलो.

"हात! माझा हात!"

मी ऐकत होतो आणि फिरतच होतो. पुनमने झेप घेऊन किल्ली फिरवली आणि वीज तोडली. मी थांबलो. शिल्पाची चार बोटं दोन पट्ट्यांमध्ये दाबली गेली होती. आता नळ्यांतला दाब सुटला असता, तर छताचं सगळं वजन त्या बोटांवर आलं असतं. माझी रबरं जुनी आहेत. तरी मी तेल धरून ठेवलं.

भगवानरावांनी छताची कड धरली. "काय करू? ओढू का छत?"

"कुणी हात लावू न्हाई," शिल्पा दात आवळून म्हणाली. "पुनम, किल्ली लाव. बटन उघडायच्या बाजूला. लई हळू."

पुनमने बटन दाबलं. मी उलटा फिरलो. छत वीतभर वर गेलं.

"निघाला!" शिल्पाने हात बाहेर ओढला.

कातडी सोलवटली होती. बोटं मात्र हलत होती. तिने ती एकेक करून मिटून पाहिली आणि मग खाली बसली.

पहिल्या गारा बॉनेटवर वाजू लागल्या. तरी भगवानराव बटनाला शिवेनात. "शिल्पा, हात बाहेर हाय का?" त्यांनी हाक दिली. पुन्हा एकदा दिली. तिने दोन्ही हात वर करून "हाय!" म्हटल्यावरच मला वीज मिळाली.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण पाणी अंगावर न सोडता. आणि कोणत्याही यंत्राचं बटन दाबण्याआधी हाक द्या, उत्तर येईपर्यंत थांबा. तुमचा हात मध्ये आहे, हे मला कधीच कळणार नाही.