काळा की हिरवा

अशी कल्पना कर, की तुझ्या गल्लीत चाळीस घरं आहेत आणि त्यातल्या अडतीस घरांत दर वर्षी नवी माणसं येतात. सप्टेंबरात येतात, जूनमध्ये जातात. कुणाचं हसू मोठं, कुणाला आंघोळ करताना गायची सवय, हे तुला जेमतेम कळतं, तोवर ती निघून गेलेली असतात. उरलेल्या दोन घरांपैकी एक तुझं. दुसऱ्यात एक म्हातारा मास्तर.

तो म्हातारा मी. आणि माझ्या समोर राहते हेटी, वय वर्षं आठ.

आमची गल्ली लीड्समधली, विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांवर. पूर्वी इथे दोरीच्या उड्या मारायच्या तरी मुलींना रांग लावावी लागे. मग एकेक घर विद्यार्थ्यांना भाड्याने गेलं. आता गल्लीत लहान मूल एकच.

हेटीने स्वतःकडे एक काम घेतलं होतं. इथे कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. एका आठवड्यात काळा डबा रिकामा करते, पुढच्या आठवड्यात हिरवा; ज्याची पाळी, तो आदल्या संध्याकाळी रस्त्याशी आणून ठेवायचा. विद्यार्थ्यांना हे कधी म्हणजे कधी लक्षात राहत नाही. म्हणून दर सोमवारी संध्याकाळी सहाला हेटी शेजारचं दार वाजवायची. नेरिस दार उघडायची. ती वेल्समधून आलेली, दगडांचा अभ्यास करणारी.

"काळा की हिरवा, बाईसाहेब?" नेरिस विचारायची.

"ओळख बघू."

"हिरवा."

"चूक! तीन वर्षं शिकतेस, आणि एवढंही येत नाही?"

मग दोघी पायरीवर बसून टोस्ट खायच्या आणि नेरिस तिला दगड दाखवायची.

जूनच्या शेवटच्या शनिवारी नेरिसचे वडील गाडी घेऊन आले. उशा, पातेली, दगडांचं खोकं, सगळं भरलं. नेरिसने हेटीला घट्ट धरलं, म्हणाली, "भेटूच गं!" आणि गेली.

जुलैत हेटीला व्हिटबीच्या समुद्रकिनाऱ्यावर एक दगड सापडला, गोगलगायीसारखं वळण उमटलेला. तो खिशात घालून ती रोज पायरीवर बसू लागली. गल्ली रिकामी. विद्यार्थ्यांच्या खिडक्यांना पडदेही नव्हते. ऑगस्ट आला तेव्हा ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"ओल्ड्रॉइड सर, भेटूच म्हणजे कधी?"

मी शेंगा सोलत होतो. हातातली शेंग खाली ठेवली. "कधीकधी ते नुसतंच म्हणतात, बाळा."

"म्हणजे ती खोटं बोलली."

"खोटं नाही. म्हणताना तिला खरंच तसं वाटत होतं."

"तुम्हीपण म्हणता, उद्या भेटू."

"मी समोरच तर राहतो. या गुडघ्यांनी कुठे पळून जाणार?"

ती हसली नाही. "मी आता कुणाचंच दार वाजवणार नाही," म्हणाली. "ठेवू देत चुकीचे डबे."

शेंगांचं भांडं मी तिच्याकडे सरकवलं. चार शेंगा सोलून ती घरी गेली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नेरिसच्या घरासमोर टॅक्सी थांबली. एकच मुलगा उतरला, उंच, दोन बॅगा घेतलेला. त्याच्याबरोबर राहणारे अजून आठवडाभर येणार नव्हते. सोमवारी दुपारभर तो दारातल्या बुटक्या भिंतीवर बसून होता. फोन काढायचा, बघायचा, परत खिशात टाकायचा. हेटी पडद्याआडून त्याला बघत होती आणि मी माझ्या खिडकीतून तिला.

सहा वाजले. तो उठला, दोन्ही डबे ओढत रस्त्याशी आणले आणि एकेका डब्यावर एकेक हात ठेवून उभा राहिला. गल्लीच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. विचारायला गल्लीत कुणीच नव्हतं. त्याला सांगायला जावं म्हणून मी काठी शोधायला लागलो.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"काळा," हेटी उंबऱ्यातूनच म्हणाली.

"काय?"

"उद्या काळा. हिरवा पुढच्या मंगळवारी. तुमच्या गावात डबे नसतात का?"

"असतात गं. पण आमच्या बेटावर मी विसरलो तर आई ओरडते. इथे ओरडायला कोणी नाही."

"नाव काय तुझं?"

"मर्डो."

"तू पण जूनमध्ये जाणार?"

"हो, बहुतेक."

हेटीने बोटांवर महिने मोजले. एक हात खिशातल्या दगडावर होता, म्हणून एकाच हाताची बोटं दोनदा मोजावी लागली.

"बरं, आत जातो," मर्डो म्हणाला. "भेटूच मग."

"असं नाही म्हणायचं! सोमवारी सहा वाजता, असं म्हण."

"सोमवारी सहा वाजता," मर्डो म्हणाला.

हेटीने मान डोलावली. मग ती घराच्या बाजूला गेली, स्वतःपेक्षा जड असलेला आपल्या घरचा काळा डबा दोन्ही हातांनी ओढत आणला आणि त्याच्या डब्याला अगदी खेटून उभा केला.