अगरबत्तीच्या धुरातला मॉनिटर

मला टीव्ही म्हणू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. जळगावच्या नवी पेठेतल्या त्या दुकानात आलेलं दर दुसरं गिऱ्हाईक माझ्याकडे बोट करून विचारायचं, “यावर क्रिकेट दिसतं का हो?” अहो, मी मॉनिटर! कॉम्प्युटरचा पडदा. चौदा इंची, आणि रंगीत बरं का. शेजारचा डबा नुसता गुरगुरतो. त्याच्या पोटात काय चाललंय ते जगाला दाखवायचं मीच.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. थर्माकोलमध्ये झोपलो होतो, जाग आली ती पंच्याण्णव साली, रुपचंदभाऊंच्या दुकानात. लग्नपत्रिका, हँडबिलं, केळीवाल्यांची बिलबुकं, असली कामं तिथं चालायची. भाऊंनी मला टेबलावर बसवलं, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या तोंडासमोर दोन अगरबत्त्या. गणपतीच्या तसबिरीला एक आणि मला दोन! मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

मशीनला धूळ चालत नाही, म्हणून खिडकी कायम बंद. मेकॅनिक बजावून गेला होता, “पाणी लागलं की खेळ खलास.” त्यामुळे ओलं फडकं माझ्या जवळपास फिरकलं नाही. पिसांच्या कुंच्यानं वरवर झटकायचं, झालं. दोन वर्षं मी हा असा देवासारखा बसलो.

माझ्यासमोर बसायच्या कुंदाबाई. त्यांचे वडील जीवराम, जामनेरचे फोटोग्राफर. काळ्या-पांढऱ्या फोटोंचे दिवस होते तेव्हा वडिलांनी काढलेल्या फोटोंना कुंदाबाई बारीक ब्रशनं रंग भरत. नवरीच्या ओठांवर गुलाबी, बाळाच्या झबल्यावर पोपटी. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला तोड नव्हती. मग रंगीत फिल्मचा रोल आला, आणि ब्रश वाळून गेले. जीवरामही गेले. कुंदाबाई रुपचंदभाऊंकडे टायपिंगला लागल्या. काम चोख करायच्या, पण मन लागायचं नाही. मला ते दिसायचं. दिवसभर समोरासमोर बसल्यावर काय लपतं?

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर भडगावचे भाईदास गुरुजी दुकानात आले. गुरुजींच्या डोक्यात सिनेमाचं खूळ. आपल्या खानदेशी बोलीतला सिनेमा काढायचा, व्हिडिओवर. गोष्ट एकाच दिवसाची: कापूस वेचायला जाणारी आई सकाळी निघते आणि सांजेला घरी येते.

“कॅमेरावाला पाचच दिवस मिळणार आहे,” गुरुजी म्हणाले. “तिथं जाऊन लुगडं कुठल्या रंगाचं, भिंत कुठल्या रंगाची, याचा घोळ घालत बसलो तर मेलोच. मला सगळा सिनेमा आधीच रंगात बघायचाय. होईल का तुमच्या मशीनवर?”

रुपचंदभाऊ डोकं खाजवू लागले. कुंदाबाईंनी मात्र गुरुजींच्या हातातले फोटो ओढूनच घेतले. अंगण, केळीची बाग, गिरणेचा काठ, सगळे काळे-पांढरे. “होईल,” त्या म्हणाल्या. “न व्हायला काय झालं?”

फोटोवरून हातानं सरकवायचा एक स्कॅनर दुकानात होता. त्यानं एकेक फोटो माझ्यावर आणायचा आणि माऊसनं त्यात रंग भरायचे. पहिल्या दिवशी माऊस त्यांच्या हातात बुजलेल्या कोकरासारखा पळत होता. आठवड्यात वठणीवर आला. सकाळचं अंगण कोवळं हिरवं, दुपारचं पांढरट, आणि शेवटी आई परत येते तेव्हा सगळं सोनेरी. त्या शेवटच्या चित्रावर बाई चार दिवस बसल्या होत्या. एका फ्लॉपीत दोन चित्रं मावायची. तेरा फ्लॉप्या भरल्या. बाई काम करता करता गुणगुणायला लागल्या होत्या, आणि मला अगदी धन्य वाटत होतं.

पण कॅमेरा होता धुळ्याच्या भटूचा. लग्नाच्या शूटिंगमधला नावाजलेला गडी, तितकाच तिरसट. त्यानं गुरुजींना सांगितलं होतं, “चित्रं पटली तर बाईंच्या रंगानं चालू. नाही पटली तर रंग मी ठरवणार, मधे कुणी बोलायचं नाही.” म्हणजे कुंदाबाईंचं सगळं त्या तेरा फ्लॉप्यांवर होतं.

गुरुजी फ्लॉप्या घेऊन धुळ्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आले.

“काय म्हणाला?” बाईंनी विचारलं.

गुरुजींनी आधी फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाले, “त्याच्या मशीनवर सगळं निळंशार दिसलं हो. शेवटचं चित्र बघून म्हणतो, ‘गुरुजी, हाई संध्याकाळ शे का दवाखाना? त्या बाईले डोया तपासाले सांगा.’”

कुंदाबाईंचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ज्या डोळ्यांवर आयुष्य काढलं त्यांनाच नावं ठेवली मेल्यानं! त्यांनी माझ्यावर ते चित्र पुन्हा लावलं. सोनेरी! अगदी सोनेरी.

“बघा गुरुजी, तुम्हीच बघा.”

“इथं तर बरोबर आहे,” गुरुजी चक्रावले.

“मग मी हाच पडदा धुळ्याला नेते. त्याच्या समोर ठेवते. मग बोल म्हणावं.”

रुपचंदभाऊ हवालदिल. देव हलवावा तसं त्यांना झालं. शेवटी एका अटीवर तयार झाले: मांडीवरून खाली ठेवायचा नाही. गोधडीत गुंडाळून मी एसटीत बसलो. एरंडोल, पारोळा, प्रत्येक खड्ड्याला बाई मला पोटाशी धरत होत्या. पारोळ्याला चढलेल्या एका आजीनं गोधडीवरून हात फिरवून विचारलं, “लेकराला कितवा महिना?” बाई हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसल्या बिचाऱ्या.

भटूचं घर धुळ्याच्या पाचव्या गल्लीत. त्यानं आधी स्वतःच्या मॉनिटरवर चित्र दाखवलं. खरंच, निळं, गारठलेलं. मग तीच वायर काढून मला लावली. सोनेरी. भटूनं वायर काढून पुन्हा लावली, डब्यावर एक थाप मारली, माझ्या मागे जाऊन वाकून पाहिलं.

“फ्लॉपी तीच, डबा तोच. हाई काय भानगड शे?”

तेवढ्यात त्याची आई सुमनबाई चहा घेऊन आली. तिला ना रंगाशी देणंघेणं ना सिनेमाशी. तिनं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “काय वं माय, किती धूय बसेल शे यानावर!” असं म्हणून पदराचं टोक पाण्यात बुडवलं, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत माझ्या तोंडावरून फिरवलं.

खेळ काही खलास झाला नाही. पदर मात्र चहासारखा पिवळा झाला.

“अक्का, थांबा! थांबा!” कुंदाबाईंनी तिचा हात धरला.

माझं अर्धं तोंड स्वच्छ झालं होतं. त्या अर्ध्यात अंगण निळं होतं, भटू म्हणत होता तसंच. उरलेल्या अर्ध्यात सोनेरी. दोन वर्षांच्या अगरबत्त्यांचा धूर माझ्या काचेवर चिकटला होता हो! आम्हा पडद्यांच्या अंगाला वीज असते, धूर आम्ही ओढून घेतो. रोज कणकण चढत गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी समजत होतो, आपला मान वाढतोय! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुंदाबाई खुर्ची ओढून बसल्या. “उरलेलं कुणी पुसायचं नाही,” म्हणाल्या. त्यांनी स्वच्छ अर्ध्यातला निळा थोडा कमी केला. बाजूच्या धुरकट सोनेरीकडे पाहिलं. अजून थोडा कमी केला. पिवळा चढवला, जरासा लाल. चहावर साय धरली. दोन्ही अर्ध्यांचा रंग एक झाला तसा त्यांनी हात थांबवला. तेवढाच फरक उरलेल्या अर्ध्या चित्रालाही केला, चित्र फ्लॉपीवर घेतलं आणि वायर भटूच्या मॉनिटरला लावायला सांगितलं.

त्याच्या स्वच्छ पडद्यावर सोनेरी संध्याकाळ उतरली. दारात आई उभी, भिंतीवर ऊन.

भटू पडद्याजवळ जाऊन वाकला. मग हळूच म्हणाला, “आते समजनं. ताई, तुम्हले हाऊ रंग पाहिजे व्हता?”

“हाच,” बाई म्हणाल्या. “पहिल्यापासून हाच.”

“डोया मनाच तपासाले पाहिजेत,” भटू म्हणाला आणि स्वतःचाच कान धरला. सुमनबाईनं पोराला एक टपली दिली आणि कुंदाबाईंना दोन दिवस ठेवून घेतलं. सव्वीस चित्रं तशीच जुळवली. शेवटचं झाल्यावर माझं उरलेलं तोंड बाईंनी स्वतः पुसलं, अगदी हळू, लेकराचं पुसतात तसं.

जळगावला आल्यावर रुपचंदभाऊ आधी ओरडले, “माझी दोन वर्षांची पूजा पुसून आणली!” नंतर मुकाट्यानं अगरबत्तीचं घर दाराजवळ नेलं, आणि खिडकीही उघडली.

शूटिंग पाच दिवसांत उरकलं. सिनेमाच्या सुरुवातीची नावं टाईप करून घ्यायला भटू स्वतः आला. कागदावरची सगळी नावं बाईंनी भराभर उतरवली आणि एका ओळीशी थांबल्या. भटूच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: रंग – कुंदाबाई जीवराम सोनवणे.

“काय ताई, सोतानं नाव इसरी ग्यात का?” भटू म्हणाला.

बाईंनी डोळे पुसले आणि एकेक अक्षर दाबलं. वडिलांचं नाव टाईप केल्यावर ते दोनदा तपासलं. मी ती ओळ जितकी लख्ख दाखवता येईल तितकी दाखवली. माझ्या जन्मात इतका आनंद मला झाला नाही.

आता नव्व्याण्णव साल आहे. टेबलावर नवा, मोठा मॉनिटर आलाय, आणि मी कुंदाबाईंच्या घरी, खिडकीजवळ. त्यांच्याकडे तिसऱ्या सिनेमाची चित्रं चालली आहेत. रंग जरा फिके पडलेत माझे, पण रोज सकाळी त्या ओलसर फडक्यानं मला पुसतात आणि मगच कामाला बसतात. मजेत आहे मी.

तुमच्या घरी, दुकानात माझा एखादा भाऊ असेल तर त्याची पूजा जरूर करा, आम्हाला आवडते. पण त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना नावं ठेवण्याआधी, एकदा काच पुसून बघा.