दुसरं वल्हं

दारामागचं वल्हं जागेवर नव्हतं. प्रवासाची बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी पलंगाखालीही पाहिलं.

बाबांच्या छातीत कळ येऊन गेली तेव्हापासून आमचा करार होता : एक वल्हं तळ्यावर होडीत, दुसरं माझ्या खोलीत. एकट्यानं जाणं बंद. कल्पना त्यांचीच. बँकेची तिजोरी दोघांच्या दोन किल्ल्यांनीच उघडते, हे चौतीस वर्षं अंगात मुरलेलं. दोन दिवसांसाठी मी बाहेरगावी निघाले, तेव्हा त्यांनी कागद पुढे केला. "रजेवर जाताना किल्ली सोपवायची असते. कर सही." मी हसत केली. कोणाकडे सोपवली, ते वाचलंच नाही. मॅनेजरची लेक मी, आणि न वाचता सही!

तळ्यावर धावत गेले. होडीवाला म्हणाला, "साहेब सातला गेलेत. नऊला येतो म्हणाले."

अकरा वाजले होते.

"तुम्ही जाऊ कसं दिलंत?"

"ताई, त्यांनी तुमची सही दाखवली ना! वल्हं त्यांच्याच ताब्यात दिल्याची."

निवृत्त झाल्यावर आईला घेऊन अर्धं जग पालथं घातलेला माणूस, आणि या टीचभर तळ्यात मला सापडेना. होडीवाला शोधायला निघाला. मी "बाबा, बाबा" ओरडत काठानं पळत सुटले. फिरायला आलेले, गळ टाकून बसलेले, सगळे धक्क्यावर जमले.

शेवटी होडीवाल्यानं त्यांची होडी लव्हाळ्यातून ओढत आणली. बाबा ताठ बसलेले, चेहरा पांढराफटक.

"छातीत दुखतंय?"

"छाती ठीक आहे. हात चालेनासे झाले."

"मग हाक का नाही मारलीत? एवढी माणसं होती!"

"त्यांचा रविवार कशाला बिघडवायचा?"

मी हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "गर्दी जाऊ दे. तू बस इथे."

"डॉक्टरांकडे जायचंय, बाबा."

"जाऊ की. बस आधी."

मला राग येत होता आणि रडूही. तरी होडीत उतरले. त्यांच्या शर्टाकडे बघत राहिले, श्वासागणिक हलतोय ना म्हणून. ते मुद्दाम मोठ्यानं एका बंदराची गोष्ट सांगू लागले, आईची चप्पल पाण्यात पडली होती ती. पुढे पाचच महिने ते होते, पण त्या दहा मिनिटांइतकी भीती मला नंतर कधी वाटली नाही.

गप्पाच चालल्यात म्हटल्यावर लोक कंटाळून पांगले. शेवटचा माणूस वळला, तशी गोष्ट अर्ध्यावर थांबली. बाबांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला.

"पाय उचलत नाहीये गं," ते हळूच म्हणाले.